मदत हवी आहे: डायॉक्सिक कर्व्हचा दुसरा चढ येतच नाहीये (सोमवारी सबमिशन!!)

पेट्रीडिश | शुक्रवार, रात्री ११:४०
इथे मायक्रोबायॉलॉजीवाले कुणी आहे का? लवकर सांगा प्लीज. एमएस्सीचं डायॉक्सिक कर्व्हचं प्रॅक्टिकल आहे, म्हणजे दोन साखरांवर दोन टप्प्यांत वाढ. इ. कोलाय, ग्लुकोज + लॅक्टोज, दर अर्ध्या तासाने ओडी ६०० (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे वाढ किती झाली ते). पहिला चढ छान येतो, ०.६२ पर्यंत, मग सपाट. पुस्तकात म्हटलंय की ग्लुकोज संपल्यावर बॅक्टेरिया थोडा वेळ थांबतात आणि मग लॅक्टोजवर पुन्हा वाढायला लागतात. माझे थांबतात ते थांबतातच. साडेचार तास वाट बघितली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. आयपीटीजी (लॅक्टोजची नक्कल करणारं रसायन) टाकलं तर लॅक ओपेरॉन (लॅक्टोज पचवणाऱ्या जीन्सचा संच) चालू होईल का? किती टाकू? एवढंच सांगा, थिअरी मला येते.

बंड्या_बेंगळुरू | रात्री ११:५१
मीडियम कुठलं? एलबी (तयार पोषक रस्सा) असेल तर विसरा. त्यात साखर जवळजवळ नसतेच, बॅक्टेरिया अमिनो आम्लं खाऊन वाढतात.

पेट्रीडिश | रात्री ११:५३
एलबी नाही हो, एम९ (नुसते क्षार, साखर आपण घालायची). नेहमीचंच.

प्रयोगवही | रात्री ११:५८
"नेहमीचं" म्हणजे ग्लुकोज ०.४%? मग दुसरा चढ दिसणारच नाही. तेवढं ग्लुकोज संपायला ओडी पाचच्या आसपास जावा लागेल. ग्लुकोज नक्की किती? आणि स्ट्रेन (इ. कोलायचा वाण) कोणता?

फर्मेंटर_आप्पा | शनिवार, रात्री १२:०४
आरपीएम किती आणि फ्लास्कमध्ये मीडियम किती? २५० च्या फ्लास्कमध्ये २०० भरतात हल्लीची मुलं. हवा मिळाली नाही की वाढ थांबते. मी २२ वर्षं टाक्या चालवल्या, दहातल्या आठ तक्रारी हवेच्या असतात. ग्लुकोज भसकन ओतलं तर अ‍ॅसिटेट साठतं, म्हणून आम्ही थेंबाथेंबाने सोडायचो. आधी शेकर बघ.

पेट्रीडिश | रात्री १२:०९
ग्लुकोज ०.०५, लॅक्टोज ०.१५ टक्के. २५० मध्ये ५० मिली, १८० आरपीएम, ३७ डिग्री. दोन्ही साखरा वेगळ्या ऑटोक्लेव्ह केल्यात, तेही विचारू नका. आयपीटीजीचं सांगा ना.

प्रयोगवही | रात्री १२:२०
आप्पा, ०.६ ओडीला ५० मिलीमध्ये हवा कमी पडत नाही. हिशोब करा. ०.०५% म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज. त्यातलं साधारण निम्मं पेशींच्या कोरड्या वजनात उतरतं, म्हणजे पाव ग्रॅम. १ ओडी म्हणजे लिटरला ०.३५ ते ०.४ ग्रॅम पेशी. भागाकार केला की ०.६ ते ०.७ येतं, आणि यांची सपाटी ०.६२ वर आहे. ग्लुकोज अगदी वेळेवर संपतंय. बिघाड लॅक्टोजच्या बाजूला आहे.
पेट्रीडिश, नुसत्या लॅक्टोजचा फ्लास्क काय म्हणतो? आणि स्ट्रेन, दुसऱ्यांदा विचारतोय.

फर्मेंटर_आप्पा | रात्री १२:२६
हिशोब कागदावर सगळ्यांनाच जमतो.

पेट्रीडिश | रात्री १२:३१
नुसत्या लॅक्टोजचा फ्लास्क लावला नाही, प्रोटोकॉलमध्ये नव्हता. स्ट्रेन म्हणजे इ. कोलायच आहे, लॅबच्या फ्रीझरमधला.

निवृत्त_मास्तर | सकाळी ६:१५
बाळा, "थिअरी मला येते" म्हणतेस म्हणून थोडं सांगतो. झाक मोनोने १९४१ च्या प्रबंधात हे दोन टप्पे दाखवले. 'डायॉक्सी' हे नावही त्याचंच. ओपेरॉन बराच नंतर आला, झाकोबबरोबर, १९६१ मध्ये. नोबेल १९६५, सोबत ल्वॉफ. कारण सोपं आहे. ग्लुकोज असतं तोवर पेशीत सायक्लिक एएमपी (निरोप पोचवणारा एक रेणू) कमी, ग्लुकोज संपलं की ते वाढतं, सीआरपी प्रथिनाला चिकटतं आणि लॅक ओपेरॉन जोरात सुरू होतो. परीक्षेत हेच लिही.

प्रयोगवही | सकाळी ७:४०
मास्तर, इतिहासाला सलाम, पण दोन साखरांच्या या प्रयोगात मुख्य कारण ते नाही. हिरोजी आइबा यांच्या गटाने १९९६ मध्ये मोजून दाखवलं की ग्लुकोजच्या टप्प्यात आणि लॅक्टोजच्या टप्प्यात सायक्लिक एएमपीची पातळी साधारण सारखीच असते, मधल्या थांब्यात तेवढी ती तात्पुरती वाढते. खरा अडसर दारातच आहे. ग्लुकोज आत ओढताना टू-ए-ग्लुकोज या प्रथिनावरचा फॉस्फेट निघून जातो, आणि तसं उघडं प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या परमिएज प्रथिनाला जाऊन अडवतं. लॅक्टोज आतच आलं नाही तर रिप्रेसर (ओपेरॉन बंद ठेवणारं प्रथिन) हटवणार कोण? चांगल्या स्ट्रेनमध्ये आयपीटीजी टाकलं, किंवा रिप्रेसरच नसलेला म्युटंट घेतला, तर हा थांबा गायब होतो.

निवृत्त_मास्तर | सकाळी ८:०२
बाहेरून सायक्लिक एएमपी टाकलं तरी तो थांबा जातो, हे त्याच पेपरात आहे. अर्धाच वाचलात काय?

प्रयोगवही | सकाळी ८:१०
पूर्ण वाचलाय. थांबा जातो, पण ग्लुकोज असताना ओपेरॉन दबलेलाच राहतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुगरण_सई | सकाळी ९:३०
जाणकार जमलेच आहेत तर विचारते. विरजणात चमचाभर साखर घातली तर दही लवकर लागतं का? माझं हल्ली फार आंबट होतंय.

बंड्या_बेंगळुरू | सकाळी ९:४४
अवांतर: सईताई, दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या धाग्यातल्या इ. कोलायच्या अगदी उलटा. त्याला लॅक्टोजच जास्त आवडतं. त्यातलं ग्लुकोज वापरतो आणि गॅलॅक्टोज बरंचसं बाहेर फेकतो. तुमची साखर बघेलही की नाही शंका आहे. आंबटपणासाठी दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

पेट्रीडिश | सकाळी १०:०५
दही??? माझं सबमिशन आहे हो.

प्रयोगवही | सकाळी १०:११
तिसऱ्यांदा: ट्यूबवर काय लिहिलंय?

पेट्रीडिश | दुपारी १:२०
कॉलेजात जाऊन बघितलं. डीएच५-अल्फा. काल रात्री झोपायच्या आधी मैत्रिणीला सांगून नुसत्या लॅक्टोजचा फ्लास्कही लावला होता, तो ०.०९ वर अडकलाय.

बंड्या_बेंगळुरू | दुपारी १:२४
हा हा हा. सापडला चोर.

प्रयोगवही | दुपारी १:३३
हा क्लोनिंगचा स्ट्रेन आहे. याच्या क्रोमोसोमवरचा अख्खा लॅक भाग मुद्दाम काढून टाकलाय, आणि एका फाजमधून (बॅक्टेरियाच्या विषाणूतून) लॅकझेड हा लॅक्टोज फोडणाऱ्या एन्झाइमचा जीन अर्धवट आत ठेवलाय. उरलेला तुकडा प्लाझ्मिड (बाहेरून घातलेलं डीएनएचं कडं) देतं, निळ्या-पांढऱ्या कॉलन्यांचा खेळ त्यावरच चालतो. प्लाझ्मिडशिवाय ते एन्झाइम, बीटा-गॅलॅक्टोसिडेज, चालतच नाही. लॅक्टोजच्या हौदात सोडला तरी उपाशीच राहील. आयपीटीजी रिप्रेसर हटवेल, पण मागे वाचायला धड जीन नको का?
दुसरं, याला थायमिन (बी१ जीवनसत्त्व) बाहेरून लागतं. मग साध्या एम९ मध्ये तो वाढला कसा?

पेट्रीडिश | दुपारी १:४१
अं... पहिल्यांदा वाढतच नव्हता. सीनियर म्हणाली म्हणून चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट टाकलं. ते सांगायला हवं होतं का?

फर्मेंटर_आप्पा | दुपारी १:४५
देवा.

प्रयोगवही | दुपारी १:४८
हो!! त्या ०.०९ चं उत्तरही तेच. ती चिमूट खाल्ली आणि बसले.

बंड्या_बेंगळुरू | दुपारी १:५५
बीएल२१ स्ट्रेन घ्या, प्रत्येक लॅबमध्ये असतो. लॅक्टोज खातो, आमच्याकडे ऑटोइंडक्शन (लॅक्टोजने जीन आपोआप चालू करणं) त्याच्यावरच करतात.

प्रयोगवही | दुपारी २:०३
खातो, पण गॅल-निगेटिव्ह आहे, म्हणजे गॅलॅक्टोज वापरता येत नाही. लॅक्टोज फोडून त्यातलं ग्लुकोज तेवढं वापरेल, गॅलॅक्टोज तसंच राहील. दुसरा चढ बुटका येईल आणि तोंडी परीक्षेत तेवढंच विचारतील.

निवृत्त_मास्तर | दुपारी २:२०
पुण्यात असशील तर एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडून रीतसर स्ट्रेन मिळतो, पण सोमवारपर्यंत नाही. शेजारच्या विभागात अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटीसाठी एटीसीसी २५९२२ हा इ. कोलायचा स्ट्रेन ठेवलेला असेल, तो माग. लॅक्टोज पचवतो, आमच्याकडे एम९ मध्येही नीट वाढायचा. आधी मॅककॉन्की आगरच्या प्लेटवर दोघांच्या रेघा ओढ. गुलाबी आला तो लॅक्टोज पचवणारा, तुझा, फिका राहिला तो डीएच५. तो प्लेटचा फोटो रेकॉर्डमध्ये लाव, तुझे तीन फसलेले प्रयोग फुकट जाणार नाहीत. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टला हात लावू नकोस.

प्रयोगवही | दुपारी २:२४
मास्तरांशी सहमत (या वेळी). ओव्हरनाइट कल्चर एम९-ग्लुकोजमध्येच वाढवा. लॅक्टोजवर वाढवलंत तर एन्झाइम आधीच तयार असेल आणि थांबा पुसट होईल. सपाटी दिसली की दर १० मिनिटांनी रीडिंग. अर्ध्या तासाच्या अंतरात अख्खा थांबा निसटतो.

खवचट_खंडू | दुपारी ३:०६
मला दूध पचत नाही, ताक चाललं तर चालेल का? लॅक्टोजवर चर्चा आहे म्हणून विचारलं.

सुगरण_सई | दुपारी ३:१५
खंडूभाऊ, माझ्या सासूबाईंना ताक चालतं. व्यनि (खासगी निरोप) करते.

पेट्रीडिश | रविवार, रात्री ९:५०
आला!!! २५९२२ मिळाला, मॅककॉन्कीवर गुलाबी. ०.६ च्या जरा आधी सपाट झाला, साधारण ४० मिनिटं तसाच, मग पुन्हा चढायला लागला. १.८ ला थांबवला कारण लॅब बंद करत होते. मधलं एक रीडिंग वीज गेल्यामुळे चुकलं. नुसत्या लॅक्टोजचा फ्लास्कही वाढला. सगळ्यांचे आभार, आप्पांचेही.

निवृत्त_मास्तर | रात्री १०:०५
उत्तम. आलेख सेमी-लॉग कागदावर (उभा अक्ष लॉगमध्ये) काढलास ना? त्याशिवाय दोन टप्प्यांचे वेग वेगळे दिसत नाहीत.

पेट्रीडिश | रात्री १०:०७
साध्या पेपरवर काढलाय. सेमी-लॉगचा आत्ता कुठे मिळेल?