भरिताला घाण्याचंच तेल हवं, रिफाइंड सरकी नको

यावलकर:
बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, मिरची-लसूण कुटून घ्यायचा आणि फोडणी मात्र पाऊचमधल्या रिफाइंड सरकी तेलाची? मला हे सहन होत नाही. आजीचं भरित गल्लीभर कळायचं ते दाण्याच्या तेलाच्या वासानं. रिफायनरीत शेवटी बंद टाकीत, 200 अंशांच्या वर, तेलातून वाफ सोडतात ती वास काढायलाच. दाणे घरून न्या, लाकडी घाण्यावर समोर बसून तेल काढा. पेंड गोठ्यात जाते, वाया काहीच जात नाही.

धुळ्याची सरकी:
भाऊ, मी तेल गिरणीत 11 वर्षं काढलीत. कच्चं सरकी तेल पाहिलंय का कधी? काळपट लाल असतं. त्यात गॉसिपॉल असतं, कपाशी किडीपासून वाचायला ते बनवते, आणि माणसाला ते बाधतं. कॉस्टिक सोड्यानं ते काढल्यावरच तेल फिकट पिवळं होतं. म्हणजे सरकी रिफाइंड करावीच लागते, तिला दाण्याच्या मापानं मोजू नका. शिवाय तिच्यात पामिटिक आम्ल, म्हणजे तापवल्यावर लवकर न बिघडणारं संपृक्त स्निग्धाम्ल, पाव हिश्श्याच्या आसपास असतं, त्यामुळे शेवेच्या कढईत ती सूर्यफुलापेक्षा जास्त टिकते. आपल्या शेतातली सरकी नाकारली तर कढईत येणार इंडोनेशिया-मलेशियाचं पाम.

चोपड्याची ताई:
मला घाण्याची भीती वेगळीच आहे. ओलसर शेंगा साठवल्या की बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक. घाण्याच्या तेलात ते थोडंफार उतरतं. रिफाइंड करताना तोच कॉस्टिक सोडा ते बरंचसं घालवतो.
दुसरं म्हणजे, दहा किलो दाण्यांचं घाण्यावर चार किलोच्या आसपास तेल निघतं. एका किलोला अडीच किलो दाणे. मागच्या वर्षी ‘शुद्ध घाण्याचं’ म्हणून घेतलेला डबा त्या दाण्यांहूनही बराच स्वस्त होता. पेंडीचे पैसे वजा करूनही हिशोब बसेना. वासही नव्हता.

यावलकर:
ताई, बुरशीचं अगदी खरं. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, इतकी वाळवायची. काळे, सुरकुतलेले दाणे निवडून टाकायचे. आणि तुमच्या डब्यासारखं होऊ नये म्हणूनच म्हणतोय, दाणे स्वतः न्या. शेव सरकीत तळा, माझी हरकत नाही. फोडणीत तेल भाजीसोबत पोटात जातं, तिथे मला चव हवी.

सातपुड्याकडचा:
तुम्ही सगळे सपाटीवरचं बोलताय. आमच्याकडे नंदुरबारच्या डोंगरात मोहाच्या बियांचं तेल भाजीलाही आणि दिव्यालाही. थंडीत तुपासारखं गोठतं, ते भेसळीमुळे नव्हे, त्याचा गुणच तो. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

धुळ्याची सरकी:
मोहाचं मान्य. पण यावलकर भाऊ, माझा पोरगा पुण्यात भाड्याच्या खोलीत चौघांसोबत राहतो. त्यानं शेंगा कुठे वाळवायच्या?

यावलकर:
त्याच्या वाटचं तेल तुम्ही इथून काढून द्या. दिवाळीला आला की पाच किलोचा डबा सोबत पाठवा, मी घाणेवाल्याकडे घेऊन जातो तुम्हाला.