मंगळावर एक मोठा लँडर, की तीन छोटे?

तांबडी माती
मंगळयान ४५० कोटींत कक्षेत पोचलं. आता उतरायचं, तर एका अवजड लँडरची वाट बघत बसू नये. एकाच आराखड्याचे तीन छोटे लँडर बांधावेत, प्रत्येकावर फक्त हवामानकेंद्र आणि कॅमेरा. मंगळाकडे जायची संधी २६ महिन्यांनी येते, दर संधीला एक सोडावा. १९९७ साली नासाचा पाथफाइंडर लँडर एअरबॅगांवर उसळत उतरला. त्यातली जेमतेम साडेदहा किलोची सोजर्नर ही फिरती गाडी सात दिवसांसाठी बनवली होती, चालली जवळपास तीन महिने.

जुना टेस्टिंगवाला
अजिबात पटलं नाही. पाथफाइंडरनंतर दोनच वर्षांनी काय झालं ते सांगा ना! नासाचा मार्स पोलर लँडर पाय उघडताना बसलेल्या झटक्यालाच जमीन लागली असं समजला आणि इंजिन हवेतच बंद पडलं, असा चौकशीचा अंदाज. अंदाजच, कारण उतरतानाची माहिती पाठवण्याची सोयच ठेवली नव्हती. स्वस्तात करायचं म्हटलं की पहिली कात्री चाचण्यांना लागते. मी आयुष्यभर चाचण्याच केल्यात, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

खगोलमावशी
मंगळावर पाठवलेल्या ब्रिटिश लँडरचं, बीगल-२ चंही तेच. २००३च्या नाताळात गप्प झालं, सगळ्यांनी आपटलं म्हणून सोडून दिलं. २०१५ मध्ये कक्षेतल्या फोटोंत सापडलं, तर चक्क उतरलेलं! सौरपट्ट्या पूर्ण उघडल्या नव्हत्या, अँटेना त्यांच्याखाली अडकलेली. अकरा वर्षं कुणाला पत्ता नाही. मला अजून वाईट वाटतं.

तांबडी माती
@जुना टेस्टिंगवाला, हे मान्य. उतरताना रेडिओ चालू हवाच, त्यात काटकसर नको. पण चंद्रयान-२ चा लँडर विक्रम २०१९ला चंद्रावर आपटला तेव्हा जवळजवळ शेवटपर्यंतची माहिती हातात होती, म्हणूनच २०२३ला पाय मजबूत करून, इंधन वाढवून, उतरायची जागा मोठी धरून चंद्रयान-३ उतरलं. दुसरी संधी मिळाली हे महत्त्वाचं.

जुना टेस्टिंगवाला
चंद्रावर हवा नाही. मंगळावर आहे, पण पृथ्वीच्या एक टक्क्याहून विरळ. तापायला पुरेशी, थांबवायला अपुरी. म्हणजे उष्णताकवच, आवाजाहून जास्त वेगात उघडणारं पॅराशूट, सगळं नव्याने. तिन्ही लँडरना पॅराशूट एकच असेल, तर त्यातला दोष तिन्हींना बुडवेल. आधी पॅराशूट उंचावर नेऊन तपासा. त्याचे पैसे तुमच्या प्रस्तावात कुठे आहेत?

तांबडी माती
नाहीत. मग तिसरा लँडर काढतो, ते पैसे पॅराशूटला. दोनांवर मात्र अडून राहणार.