मंडळाच्या वर्गणीतून निवारागृहाचा मजला?

पेठकर
आमच्या मंडळाच्या बैठकीत परवा यावरून खडाजंगी झाली. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडून आलेल्या बायकांसाठी आमच्या भागात एका संस्थेचं निवारागृह आहे. खाटा बारा. मी वायरमन, मागच्या महिन्यात मीटर बघायला गेलो होतो. ऑफिसातलं टेबल भिंतीला सरकवून तिथेही रात्री गाद्या घालतात, सकाळी त्याच गाद्या फायलींच्या कपाटावर. एक पोरगा जिन्यात बसून पाढे लिहीत होता, येणारीजाणारी त्याला ओलांडून जात होती. संस्थेला वर एक मजला चढवायचाय. माझं म्हणणं, यंदा डीजे बंद करू आणि ते पैसे अधिक घरोघरची वर्गणी तिकडे देऊ. निम्मे म्हणतात, गणपतीचा पैसा गणपतीलाच. तुम्हाला काय वाटतं?

करदाता
भावना समजली, पण हे सरकारचं काम आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यातल्या कलम ६ नुसार मागणी आली की निवारागृहाने आसरा द्यायलाच हवा. केंद्राची महिलांसाठी मिशन शक्ती योजना आहे, पूर्वीच्या स्वाधार गृहांची, म्हणजे निराधार बायकांच्या निवाऱ्यांची, आता शक्ती सदनं झालीत. आपण खिशातून भरत राहिलो की सरकार निवांत. आधी पालकमंत्र्यांना निवेदन द्या.

दुपारचा चहा
@करदाता, निवेदन जरूर द्या. पण रात्री दीडला पोराला कडेवर घेऊन आलेल्या बाईला काय सांगायचं, निवेदन दिलंय, थांबा? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते लोकांच्या देणग्यांवर. कर्वे तर आश्रमासाठी दारोदार फिरले. ते सरकारच्या भरवशावर बसले असते तर?

रोखठोक तात्या
भांड्याला भांडं लागतंच. चार दिवस माहेरी गेली की राग निवतो. अशा संस्थांमुळे मोडू नयेत ते संसारही मोडतात. माझी वर्गणी यासाठी मिळणार नाही.

दुपारचा चहा
तात्या, माहेरचं दार उघडं असतं तर ती गादी टाकून ऑफिसात झोपली असती का? आणि भांडी दोन्ही लागतात हो. इथे एकच भांडं चेपलेलं असतं.

जुनी कार्यकर्ती
अशा कामात वीस वर्षं काढली, म्हणून जरा कडू बोलते.

पेठकर, पहिलं म्हणजे "आमच्या भागात" हेसुद्धा इथे लिहायला नको होतं. निवारागृहाचा पत्ता बोभाटा होण्याची गोष्ट नाही. मंडळाने पैसे दिले की फ्लेक्स लागणार, साडीवाटप होणार, फोटो निघणार. एखादीचा नवरा त्या फोटोतली भिंत ओळखून दारात उभा राहतो. हे मी पाहिलंय.

दुसरं, मजल्याला पैसे मिळतात. स्लॅबला, फॅनला, दारावरच्या नावाच्या पाटीला लोक आनंदाने देतात. रात्रीच्या वॉर्डनच्या पगाराला कोणी देत नाही. आम्ही खोल्या वाढवल्या आणि वॉर्डन ठेवायला पैसे नाहीत म्हणून दोन खोल्या वर्षभर कुलूपबंद. अनुदान येतं, पण हप्ता कधी येईल त्याचा नेम नाही, आणि किराणावाला थांबत नाही. तेव्हा एकदाच लाखाची थैली देण्यापेक्षा पन्नास घरांनी दरमहा दोनशे द्या, तीन वर्षं.

काळा कोट
मंडळ नोंदणीकृत नसेल तर उत्सवाच्या वर्गणीला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. उत्सवाच्या नावाने गोळा करून दुसरीकडे वळवलं तर उद्या हिशेब मागतील. लोकांनी थेट संस्थेला द्यावं, पावती तिची घ्यावी. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, असेल तर जुन्या करप्रणालीत करातही सवलत.

पण मला मुळातच पटत नाही की घर तिनेच सोडायचं. कलम १७ नुसार तिला राहत्या घरात हक्क आहे, कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला बाहेर काढू शकतं. महिलेला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. खाटा वाढवण्यापेक्षा हे तिच्यापर्यंत पोचवा.

जुनी कार्यकर्ती
@काळा कोट, कायद्यात लिहिलंय की पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा. तुमच्या कोर्टात किती निघतात? सरकारच्या सखी केंद्रात तात्पुरता आसरा मिळतो, तोही फार तर पाच दिवस. मधले महिने ती कुठे काढणार?

नाव नको
फक्त वाचत होते, आता लिहिते. मी अशा ठिकाणी आठ महिने राहिले. काळा कोट म्हणतात तशी ऑर्डर मलाही मिळाली होती. पण वरच्या मजल्यावर दीर राहतो, त्या घरात कागद हातात धरून झोप लागत नाही.

मला तिथून चौथ्या महिन्यातच निघता आलं असतं. काम लागलं होतं, एका पोळीभाजी केंद्रात. खोली मिळेना. एकट्या बाईला मालक आधी विचारतो, मिस्टर कुठे असतात? मग डिपॉझिट सांगतो. ते जमवेपर्यंत माझी खाट अडकून राहिली आणि खाली दुसरी कोणीतरी जमिनीवर. माझ्यासारख्या आणखी तिघी होत्या. वाढवायचंच तर आधी डिपॉझिटसाठी फंड काढा. परत करायच्या बोलीवर दिलात तरी चालेल, मी फेडलं असतं.

करदाता
हे डोक्यात आलं नव्हतं. जबाबदारी सरकारचीच, हे मत कायम. पण दरमहा दोनशेत माझं नाव घाला.

रोखठोक तात्या
माझं मत बदललेलं नाही.

पेठकर
कार्यकर्ती ताई, पत्त्याचं चुकलं. संपादकांना ती ओळ काढायला सांगितलंय. रविवारी पुन्हा बैठक आहे. मजल्याचा विषय बाजूला ठेवून वॉर्डनचा पगार आणि डिपॉझिट असे दोनच मुद्दे मांडतो. फ्लेक्स नाही, आणि पावत्या संस्थेच्याच.

एक अडचण आहे. खजिनदाराने डीजेवाल्याला ॲडव्हान्स देऊन टाकलाय म्हणे. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बघतो किती सुटतो ते.