पहिल्या वर्षालाच वॉर्डात न्यावं का?

पांझराकाठ: 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षालाच पेशंट दाखवायला नेतात. घरी यावरून वाद झाला. वडील म्हणतात, आधी हाडं पाठ करा, मग माणसं बघा. मी पहिल्या वर्षाला आहे. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, बायोकेमिस्ट्रीत घोकला होता: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. दोन मार्कांचा प्रश्न. मग वॉर्डात शिरपूरकडची एक पोरगी पाहिली. गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, आई पोटऱ्या चेपत होती. म्हणाली, "रातभर हाडं दुखतस." आता तो व्हॅलिन मेल्याशिवाय विसरायचा नाही.

जुना इंटर्न: तुझं पाठांतर पक्कं झालं, पण कॉटभोवती किती जण होतात? आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेली पानथरी, बऱ्याचदा वाढून हाताला लागते, म्हणून जो तो पोट दाबून बघतो. आणि पहिल्या वर्षाला ती कुठे शोधायची हेच धड माहीत नसतं. डिसेक्शन हॉलमध्ये प्रेतावर चुकलं तर कुणी कळवळत नाही.

सिस्टरबाई: 20 वर्षं वॉर्डात काढलीत. सदऱ्याच्या बाहीवरून बीपीचा पट्टा बांधणारी पोरं दरवर्षी बघते. एक मुलगी एका बाबांची नाडी चाचपतच बसली. शेवटी बाबाच म्हणाले, "सापडनी का व माय?" अख्खा वॉर्ड हसला. शिकू द्या हो. सुई तेवढी हातात देऊ नका.

जुना इंटर्न: सिस्टर, बाबांना अहिराणीत बोलता आलं. धडगावची बाई पावरी बोलते, पोरं पुण्या-मुंबईची. ती 'नको' म्हणाली तरी कळणार कुणाला?

पांझराकाठ: हे लागलं. आम्ही 18 जण होतो. सरांनी आईला सांगितलं, विचारलं नाही. पोरीला तर तेही नाही. पण म्हणून वॉर्डच बंद? मग तिसऱ्या वर्षाला आम्ही काय वेगळं वागणार? पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबंही दत्तक देतात ना, घरी जाऊन तब्येतीवर लक्ष ठेवायला, तिथून सुरुवात करा. आधी ओट्यावर बसावं लागतं, चहा येतो, मग बीपी.

जुना इंटर्न: कितीदा गेलास त्या ओट्यावर?

पांझराकाठ: दोनदा. तिसऱ्या वेळी कॉलेजची बसच आली नाही.