पाईप चासीवर फ्लोअरचा पत्रा किती मिमी घ्यावा?

गॅरेजवेडा:
दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. चौकोनी पाईपची चासी तयार आहे, आता फ्लोअर. टनेल (फ्लोअरच्या मधला लांब उंचवटा) धरून अडीच चौरस मीटर पत्रा लागेल. सगळ्यात मोठा मोकळा गाळा साधारण ५० × ६० सेंमीचा. माझा विचार २ मिमीचा, एकदाच दणकट करून टाकू. मित्र म्हणतो १ मिमी भरपूर झाला, कंपनीच्या गाडीत त्याहून पातळ असतो. वेल्डिंगला मिग (वायरचं वेल्डिंग मशीन) आहे. काय घेऊ?

पत्रेवाला काका:
१.२ मिमी, म्हणजे जाडीच्या गेज मापात अठरा गेज. पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला साधा लोखंडी.

२ मिमीचा हट्ट सोडा. १ मिमी लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो. तुमचा फ्लोअर १.२ मध्ये साडेतेवीस किलो, २ मध्ये एकोणचाळीस. हलकी गाडी बांधायची आणि साडेपंधरा किलो फुकट पायाखाली घालायचे, कशाला? शिवाय २ मिमीचा पत्रा हाताने वळत नाही, टनेलची गोलाई आणताना जीव जाईल.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं. कंपनीचा पत्रा पातळ असतो, पण तो मोठ्या डायमध्ये दाबून त्यात खोल पन्हळ्या काढलेल्या असतात आणि खाली आडवे मेंबर असतात. तुमचा सपाट १ मिमी त्या गाळ्यात पाय ठेवला की डब्याच्या झाकणासारखा टॉक-टॉक करेल. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो हे खरं (१.२ चा १.५ केला तर जवळजवळ दुप्पट), पण बीड रोलरवर दोन-तीन बीड (पत्र्यात दाबून काढलेल्या उठावदार रेषा) मारले तर वजन न वाढवता त्याहून जास्त मिळतो. हातरोलर बहुधा अठरा गेजपर्यंतच नीट चालतात, हेही १.२ घेण्याचं एक कारण. बीड पत्रा बसवण्याआधी मारा आणि काठाच्या आत थांबवा, नाहीतर काठ पाईपवर बसणार नाही.

आणि ऑर्डर मिमीमध्येच द्या. सोळा गेज म्हटलं तर एका तक्त्यात लोखंड १.५ निघतं, दुसऱ्यात १.६, आणि ॲल्युमिनियमच्या तक्त्यात १.३. पत्रा घेताना व्हर्नियर लावा, लाजू नका.

रॅली_रामभाऊ:
काकांशी सहमत, फक्त टाचेखाली मी १.५ लावतो. क्लच दाबताना सगळा जोर तिथेच.

पत्रेवाला काका:
रामभाऊ, तिथे १.२ वर एक तुकडा वरून जोडला तरी भागतं. पण १.५ लावलात तर भांडणार नाही.

गॅरेजवेडा:
आभारी आहे काका. सीट आणि बेल्ट कुठे बोल्ट करू? त्यासाठीच जाड पत्रा हवा असं वाटत होतं.

पत्रेवाला काका:
मग हे आधी विचारायचं होतं! सीट आणि बेल्टचा भार पत्र्यावर टाकायचाच नाही, २ मिमी असला तरी. चासीच्या पाईपला आडवा मेंबर किंवा जाड ब्रॅकेट वेल्ड करा आणि बोल्ट त्यातून न्या. रेसिंगमध्ये हार्नेस (रेसचा बेल्ट) बॉडीच्या पत्र्याला लावायचा असेल तर एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संस्था, मागे किमान ३ मिमी जाड, ४० चौरस सेंमीची लोखंडी प्लेट मागते. यावरूनच समजा, नुसत्या पत्र्यावर कोणी विसंबत नाही.

वेल्डर_बंड्या:
जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका, कोणी सुचवेल. झिंकचा धूर छातीत जातो, ताप भरतो, आणि वेल्डला भोकं पडतात. सीआर घ्या, ०.८ ची वायर लावा. सलग शिवण मारू नका, पत्रा ओढला जाऊन फुगतो. आधी टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड), मग इकडे एक इंच, तिकडे एक इंच, गार होऊ द्या. मधल्या पाईपांवर पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड मारा, म्हणजे भोक वेल्डने भरून पत्रा खालच्या पाईपला जोडा.

गॅरेजवेडा:
आणि ॲल्युमिनियम? वजन अजून कमी होईल.

पत्रेवाला काका:
होईल, पण लोखंडी पाईपला वेल्ड होणार नाही. रिव्हेट आणि चिकट सीलंट लागेल, मधे रंगाचा थर न ठेवता बसवलंत तर ओल लागून ॲल्युमिनियम सांध्यातून खाल्लं जाईल. शिवाय त्याचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश, म्हणजे जाडी वाढवावी लागेल. सायलेन्सर टनेलमधून जात असेल तर तेवढा भाग तरी लोखंडीच ठेवा. उघडी गाडी आहे, पाणी आत येणारच, तर प्रत्येक गाळ्यात सगळ्यात खालच्या कोपऱ्यात रबरी बूच बसेल असं भोक रंगाआधीच पाडून ठेवा.