केसांना कूल-एडचा रंग: तेरा वर्षांच्या मुलीला हो म्हणावं का?

एडिसनची आई

आठवडाभर घरात हाच एक विषय चालू आहे, म्हणून इथे मांडते. लेक तेरा वर्षांची, आठवीत. पुढच्या शुक्रवारी शाळेत 'क्रेझी हेअर डे' आहे. इथे अमेरिकेतल्या शाळांत असा एक दिवस असतो, मुलं केसांचं काहीतरी वेगळं करून येतात. हिच्या दोन मैत्रिणी कूल-एडने केसांची टोकं लाल करणार आहेत. हिलाही करायची आहेत.

भारतातल्या मंडळींसाठी सांगते: कूल-एड म्हणजे आपल्या रसनाच्या जातीची सरबताची पूड. १९२७ साली नेब्रास्कातल्या हेस्टिंग्ज गावी एडविन पर्किन्स यांनी ती काढली. आधी ते सरबताचा अर्क बाटल्यांतून पाठवायचे. बाटल्या फुटायच्या, पाठवायला खर्चही फार यायचा, म्हणून पूड केली. बिनसाखरेचं पाकीट चारेक ग्रॅमचं असतं. घरची कपभर साखर घातली की दोन लिटरच्या आसपास सरबत होतं. त्या पुडीत मुख्यतः सायट्रिक अ‍ॅसिड (आपलं लिंबूफूल), खाण्याचा रंग आणि स्वाद असतो. इथली मुलं कित्येक वर्षं हीच पूड कंडिशनरमध्ये कालवून केसांना लावत आली आहेत.

माझं मत 'हो' आहे. नवऱ्याचं 'नको'. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांचा तर साफ नकार.

माझ्या होकाराला कारण आहे. बाविसाव्या वर्षी बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरीच काळी मेंदी लावली. दुसऱ्या दिवशी कपाळ, कान, मान सगळं सुजलं, डोळे उघडेनात. लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. डॉक्टरांनी तेव्हा पीपीडी या रसायनाचं नाव सांगितलं. मेंदीच्या पानात ते नसतं, काळा रंग झटपट चढावा म्हणून घालतात. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. युरोपात अशा रंगांच्या खोक्यावर 'सोळा वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असं छापावं लागतं. लेकीने उद्या कुणाच्या तरी बाथरूममध्ये तसलं खोकं उघडण्यापेक्षा आज माझ्या डोळ्यांसमोर सरबताच्या पुडीने हौस भागवलेली मला चालेल.

सनीवेलचा बाबा

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण मला तुमचा तर्क पटला नाही. पीपीडी वाईट म्हणून कूल-एड चांगलं, असं कसं? तिसरा मार्ग आहेच की, काहीच न लावण्याचा.

आणि खाण्याचा पदार्थ म्हणून निर्धास्त होऊ नका. मुलं हे करतात कसं ते एकदा बघा. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात पुडी टाकायची आणि पातेलं समोर ठेवून वेणीचं टोक त्यात बुडवून बसायचं. माझ्या पुतणीच्या मांडीवर ते पाणी सांडलं. तो डाग अजून आहे. तिच्या केसांचा रंग मात्र पंधरा दिवसांत गेला होता.

लोकरवेडी, ओहायो

उकळत्या पाण्याबद्दल बाबांशी शंभर टक्के सहमत. डोक्यावरच्या केसांसाठी उकळतं पाणी कधीच नको.

पण ही पूड रंगवते कशी हे मला जवळून ठाऊक आहे. इथल्या विणकाम करणाऱ्या बायका तिनेच लोकर रंगवतात, मीही गेली नऊ वर्षं रंगवते आहे. लोकर, रेशीम आणि आपले केस, तिन्ही प्रथिनांचे. आंबट पाण्यात प्रथिनांवर धन भार येतो, या रंगांवर ऋण भार असतो, म्हणून रंग धाग्याला धरून बसतो. आंबटपणासाठी लिंबूफूल पुडीतच असतं, वेगळं व्हिनेगर घालावं लागत नाही. पांढरी लोकर गरम पाण्यात ठेवली की अर्ध्या तासात सगळा रंग लोकरीत जातो आणि भांड्यातलं पाणी नितळ होतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मुलांना हाका मारून बोलावलं होतं. सुती धाग्यावर हे होत नाही, पहिल्या धुण्यात रंग उतरतो.

केसांसाठी कोमट पाण्यात कालवलेली पेस्ट आणि जास्त वेळ, एवढं पुरतं. केसाच्या आतली रचना या रंगाने मोडत नाही.

ठाण्याची पार्लरवाली

मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलते. इथे सगळे पुडीबद्दल बोलताय. ताई, मुलीचे केस काळे आहेत ना?

काळ्या केसांवर हा रंग दिसत नाही. गोऱ्या मुलींच्या सोनेरी केसांवर लालभडक होतो, आपल्याकडे फार तर उन्हात जरा वाइनसारखी झाक मारते. मग मुलगी आरशात बघणार, रडकुंडीला येणार आणि म्हणणार, 'आई, आधी थोडं ब्लीच करूया?' खरा धोका तिथे सुरू होतो. ब्लीच केसातला मूळ रंगच जाळतं. वेळ चुकली, ब्लीचची पूड जास्त पडली तर केस ओले असताना रबरासारखे ताणले जातात आणि सुकले की तुटतात. घरी ब्लीच करून आलेल्या कॉलेजच्या मुलींचे केस मी कानापर्यंत कापलेत. कापताना त्यांच्या आया मागे उभ्या राहून रडतात.

शिवाय ब्लीच केलेल्या केसांत सरबताचा लाल रंग शिरला की महिनोन्महिने निघत नाही. चार धुण्यांत जाईल, या भरवशावर कुणी राहू नका.

माझं मत 'नको'.

कोथरूडकर

नातवंडांनी इथे सुट्टीत साखर घातलेल्या सरबताच्या पुडीने हा प्रयोग केला होता. रंग शून्य, केसांचा चिकट गठ्ठा आणि सकाळी उशीवर मुंग्या. करणारच असाल तर पाकीट बिनसाखरेचं आहे ना, ते आधी बघा.

सनीवेलचा बाबा

आणखी एक मुद्दा. क्राफ्ट हाइन्झने, म्हणजे कूल-एडच्या सध्याच्या मालकाने, जून २०२५ मध्ये जाहीर केलंय की अमेरिकेतल्या सगळ्या उत्पादनांतून हे कृत्रिम रंग २०२७ च्या अखेरपर्यंत काढणार. कंपनी स्वतः जे काढून टाकतेय ते आपण लेकरांच्या डोक्याला फासायचं?

लोकरवेडी, ओहायो

बाबा, ती चर्चा मुलांच्या पोटात रोज किती रंग जातो याची आहे. या पुडीतल्या लाल रंगाला, रेड ४० ला, इथे सौंदर्यप्रसाधनांतही परवानगी आहे, कितीतरी शाम्पूंत आणि लिपस्टिकमध्ये तो असतो. वर्षातून एकदा टोकांना लावणं आणि रोज पेलाभर पिणं यात मला फरक दिसतो. तुमच्या घरी हे सरबत आणत नसाल तर तुमचा मुद्दा मी मान्य करते. पण प्यायला चालतं आणि लावायला नको, हे मला कळत नाही.

सनीवेलचा बाबा

आणत नाही. घरी कोकम आणि पन्हं असतं.

दोन वेण्यांची

मी वेगळ्या बाजूने लिहिते. आमच्या सातारच्या शाळेत दोन वेण्या, काळ्या रिबिनी, एक बट सुटली तर बाई उभं करायच्या. केस माझे होते, पण त्यांच्यावर हक्क सगळ्या गावाचा होता. मी बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा केस कापले, तेही घरी आठ दिवस कुणी बोलत नव्हतं. ताईंची मुलगी आईला विचारतेय. लपून करत नाहीये. या एका गोष्टीसाठी मी तिला हो म्हणेन, रंग दिसो वा न दिसो.

ठाण्याची पार्लरवाली

विचारतेय हे चांगलंच आहे. म्हणून तर खरं उत्तर द्यायला हवं. 'हो' म्हणून गप्प बसायचं आणि तिने शाळेत जाऊन 'काही दिसतच नाही' हे ऐकायचं, ही तिची फसवणूक आहे.

माझं ऐका. तिचे केस विंचरून कंगव्यातली गुंतवळ काढा, त्यावर आधी रंग लावून बघा.

एडिसनची आई

पार्लरवाल्या ताई, तुमचं ऐकलं. काल संध्याकाळी करून पाहिलं.

लेकीची गुंतवळ एका वाटीत, सासूबाईंची दुसऱ्या वाटीत. (सासूबाईंनी कंगव्यातून काढून दिली. 'बघूया तरी' म्हणाल्या.) चेरीचं एकेक पाकीट, दोन चमचे कोमट पाणी, चमचाभर कंडिशनर. वर प्लास्टिकची झाकणं घालून तासभर ठेवलं आणि गार पाण्याने धुतलं. हातमोजे घातले होते, तरी मनगटावर ठिपका पडला, तो आजही आहे.

सासूबाईंचे पांढरे केस डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल झाले. लेकीची गुंतवळ जशीच्या तशी काळी. खिडकीत उन्हाला धरली तेव्हा कुठे तांबूस झाक दिसली. लेक बराच वेळ दोन्ही वाट्यांकडे बघत बसली आणि मग अगदी तुम्ही लिहिलंत तोच प्रश्न आला: 'थोडंसंच ब्लीच?' माझ्याकडे उत्तर तयार होतं, म्हणून आवाज न चढवता नाही म्हणता आलं. त्याबद्दल तुमचे आभार.

पण मी माझं मत बदललेलं नाही. पुडीला माझा 'हो' कायम आहे, 'नाही' ब्लीचला आहे. आणि हे दोन्ही तिला कारणांसकट सांगितलंय.

लोकरवेडी, ओहायो

ताई, मग लोकर घ्या! पांढऱ्या लोकरीचे हातभर लांबीचे वीसेक धागे, खऱ्या लोकरीचे, अ‍ॅक्रिलिक नको, त्यावर हा रंग बसत नाही. चेरीचं उरलेलं पाकीट कामी येईल. पातेलं तुम्ही हाताळा, लेकीला पाणी नितळ होताना बघू द्या. सुकले की गंगावनासारखे वेणीत गुंफा. खाली गोंडा सोडा. रंग भडक दिसेल आणि संध्याकाळी सोडूनही ठेवता येईल.

एकच काळजी, शेवटचं पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत धागे धुवा. नाहीतर पाऊस आला तर शर्टाची पाठ लाल होईल.

सनीवेलचा बाबा

हे मला चालेल. पातेल्यापासून मुलीला चार हात लांब ठेवा, एवढीच विनंती.

दोन वेण्यांची

मला नाही चाललं. तिला केस रंगवायचे होते, आपण तिच्या हातात लोकर दिली. तिला विचारलंत का?

एडिसनची आई

विचारलं. म्हणाली, लोकरीची वेणी शुक्रवारी घालीन, पण टोकांना पूड लावायचीच. दिसली नाही तरी चालेल, मला माहीत असेल ना.

शनिवारी सकाळी लावतोय. शाळेचा दिवस झाल्यावर, तिच्याच सांगण्यावरून. कानाला आणि मानेला व्हॅसलीन, अंगात जुना टी-शर्ट, उशीवर जुना टॉवेल. सासूबाई म्हणाल्या, एक पाकीट माझ्यासाठी ठेवा. आधी वाटलं गंमत करताहेत, पण रात्री त्यांनी कपाटातून स्वतःच त्यांचं जुनं पातळ काढून ठेवलं, डाग पडला तरी हरकत नाही असं. कोपरावर आधी थोडी लावून बघूया म्हटलं, तर त्याला तयार आहेत.

पार्लरवाल्या ताई, पांढऱ्या केसांवरून हा रंग किती दिवसांत उतरतो? पुढच्या महिन्यात त्यांना पुण्याला भाचीच्या मुलाच्या मुंजीला जायचंय.