पीडीएफमधल्या लिंका मेल्यात, परत कशा आणायच्या?

खानापूरकर
गावच्या वाचनालयासाठी सीमाप्रश्नावरचं वाचन गोळा करतोय. १९५६ ची भाषावार पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, नेटवर जे पान सापडेल ते पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवतो. उन्हाळाभर बसून साठेक पानं झाली. परवा कॉलेजची एक पोरगी म्हणाली, "सर, निळ्या अक्षरावर दाबलं तरी काही उघडत नाही की." बघतो तर खरंच. अक्षर निळं, खाली रेघ, पण बाणाचा हात होत नाही.

लिहिणाऱ्यानं पुरावा कुठनं आणला ते त्या लिंकेतच असतंय. ती गेली की नुसतं मत उरतं, आणि ह्या विषयात दोन्हीकडची माणसं आधी पुरावा मागतात. मी कंट्रोल-पी दाबून 'प्रिंट टू पीडीएफ' निवडतो. चुकतंय कुठं?

टिळकवाडी
तिथंच, सर. तो प्रिंटर आहे, त्याच्याकडं फक्त छापायचं तेवढं जातं: अक्षरं, रेघा, चित्रं. लिंक म्हणजे अक्षरावर ठेवलेली न दिसणारी चौकट आणि तिच्यात पत्ता. ती प्रिंटरपर्यंत पोचतच नाही. क्रोममध्ये त्याच खिडकीत 'डेस्टिनेशन'च्या यादीत 'सेव्ह ॲज पीडीएफ' घ्या. फायरफॉक्समध्ये 'सेव्ह टू पीडीएफ'.

निपाणी
ह्यात भर घालतो. माझ्या लिंका शेवटच्या पायरीला गेल्या. पाच फायली एक करायला म्हणून परत प्रिंट मारली आणि सगळं सपाट झालं. जोडायला मर्ज करणारंच साधन घ्या.

अजून एक करा, सर. पान आधी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, 'सेव्ह पेज नाऊ'नं जतन करा आणि त्या प्रतीची पीडीएफ काढा. तिच्यातल्या लिंका वेबॅककडंच वळलेल्या असतात. पुढचं पानही तिथं जतन असलं, तर मूळ साइट बंद पडली तरी उघडतं.

खानापूरकर
दोघांचेही आभार. महाजन अहवालाच्या पानावरच आधी करून बघितलं. हात उमटला, लिंक उघडली! बरं झालं, जुन्या पीडीएफच्या तळाला पानाचा पत्ता छापून आलाय, 'हेडर्स अँड फूटर्स'ची खूण मी काढली नव्हती. त्यावरनं रात्री पंधरा पानं परत केली. तीन पानं मात्र आता नेटवरनंच गेलीत, वेबॅकवरही नाहीत. त्यांच्या जुन्या फायली तशाच ठेवतोय, निळ्या अक्षरांसकट.